आराधना आणि राबणूक

दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत कथा, कविता, प्रवासवर्णन आणि वार्षिक राशिभविष्य यांच्या मधोमध एक तरी लेख लोकशाहीवर असावयाचा, असा आपल्याकडे संकेतच पडून गेला आहे. घरातील वडीलधारी माणसे तो आधी वाचतात, मुले तो ओलांडून व्यंगचित्रांकडे जातात, आणि चकल्यांचा डबा रिकामा होईपर्यंत त्या लेखाचे सार घरातल्या सर्वांना ठाऊक झालेले असते : पुढारी बिघडले, पक्ष बिघडले, निवडणुकीत पैसा आला, आणि पूर्वीची माणसे आता राहिली नाहीत. यातील एकही विधान खोटे म्हणता यावयाचे नाही. तरीही असा लेख वाचून अंक मिटला की मनात काहीच हलत नाही, हा अनुभव बहुतेक वाचकांचा असेल. असे का व्हावे? प्रस्तुत लेखाचा विषय लोकशाही हा नसून लोकशाहीवरील आपले राजकीय लेखन हा आहे. आणि त्याचा विचार करताना फार दूर जाण्याची गरज नाही. कणकवलीच्या परिसराने या बाबतीत विचार करावयास पुरेल एवढी सामग्री पुरविलेली आहे.

मराठी राजकीय निबंध जन्मला तो परक्या राज्यात. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात येऊ लागली. ‘केसरी’ १८८१ साली निघाला. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मधला. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ चा आणि शिवराम महादेव परांजपे यांचा ‘काळ’ १८९८ चा. ही सारी परंपरा एकाच दिशेने तोंड करून उभी होती असे मात्र नाही. लोकहितवादी आणि आगरकर यांचे बोट बहुधा आपल्याच समाजाकडे असे. जोतीराव सरकारला आणि समाजाला एकाच असुडाने फटकावीत. ‘केसरी’ व ‘काळ’ यांचा मुख्य रोख सरकारवर होता. पुढे स्वातंत्र्याच्या लढ्यात हा शेवटचा सूर वरचढ ठरला, आणि ते त्या काळाला धरूनच होते. राज्य दुसऱ्याचे असले की दोषही दुसऱ्याचाच, हे म्हणण्यात काही वावगे नव्हते.

परंतु २६ जानेवारी १९५० रोजी पत्त्यावरचे नाव बदलले. ज्याला उद्देशून तक्रारअर्ज लिहावयाचा तो धनी आता वाचक स्वतःच झाला. आपले निबंधकार मात्र जुन्याच पत्त्यावर पत्र टाकीत राहिले. ‘ते’ असे वागतात, ‘त्यांनी’ देश विकावयास काढला, ‘त्यांना’ जनतेची पर्वा नाही, या ‘ते’चा शोध घेऊ गेल्यास तो आपल्याच मतपत्रिकेवर येऊन थांबतो, ही गोष्ट लेखाच्या शेवटापर्यंत कोणी उच्चारीत नाही. म्हणून लोकशाहीवरील कोणत्याही निबंधाला लावावयाची पहिली कसोटी मला अशी वाटते : तो जबाबदारीची गाठ कोणाच्या पदराला बांधतो? या कसोटीवर तीन माणसांचे विचार घासून पाहण्यासारखे आहेत. एक घटनापंडित, एक संसदपटू आणि एक सफाईकामगार. तिघेही मराठी, पैकी दोघांची कर्मभूमी हा आपला दक्षिण कोकण.

पहिले अर्थात डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घटनासमितीतील त्यांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण सर्वत्र उद्धृत केले जाते. त्यामानाने २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकीलमंडळींपुढे त्यांनी केलेले व्याख्यान कमी वाचले जाते. विषय होता लोकशाही यशस्वी होण्यास आधी कोणत्या गोष्टी असाव्या लागतात हा. त्यांनी सात गोष्टी मोजून दाखविल्या : समाजात ढळढळीत विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायदा आणि कारभार यांच्यापुढे सर्व समान असावेत, घटनेची नुसती कलमे नव्हे तर घटनेची नीती पाळली जावी, बहुमताने अल्पमताला चिरडू नये, समाजात नीतीची एक व्यवस्था नांदती असावी, आणि सर्वांत शेवटी, लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी असावी.

ही यादी नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या पाच अटी सरकार, पक्ष, न्यायालय यांच्याकडून वसूल करता येण्याजोग्या आहेत. सहावी आणि सातवी तशी नाही. त्यांची फिर्याद कोणत्याही कचेरीत दाखल होत नाही. लोकांची सदसद्विवेकबुद्धी म्हणजे काय, हे सांगताना बाबासाहेबांनी जी खूण दिली ती फार बोचणारी आहे : अन्याय ज्याच्यावर होतो त्याने आक्रोश करणे म्हणजे ती नव्हे, अन्याय ज्याच्यावर झालेला नाही तोही जेव्हा अस्वस्थ होऊन उठतो तेव्हा ती जागी आहे असे समजावे. आपल्या गावात असा माणूस किती वेळा उठतो, हे ज्याने त्याने आपल्याशी मोजावे. निबंधकार म्हणून बाबासाहेबांचे मोठेपण हे की, राज्ययंत्राचे सारे दोष सांगून झाल्यावरही ते वाचकाला मोकळा सोडीत नाहीत. त्यांचा शेवटचा मुद्दा श्रोत्याच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहतो.

दुसरे बॅ. नाथ पै. २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात जन्मलेला हा माणूस बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेला, पुढे विलायतेत बॅरिस्टर झाला, आणि १९५७, १९६२ व १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आला. कोकणातील जुन्या पिढीला त्यांच्या सभा आठवतात त्या वक्तृत्वासाठी. पण टीकाकाराने वक्तृत्वाच्या पलीकडे पाहिले पाहिजे. वक्तृत्वाची एक अडचण अशी असते की, व्यासपीठावर जे वाक्य श्रोत्याला उचलून धरते तेच वाक्य छापील पानावर थंडावते. नाथ पै यांच्या विचारात मात्र छपाईनंतरही टिकणारी एक वस्तू आहे : विरोधी पक्षाने सरकारला झोडपावे, परंतु संसदेची प्रतिष्ठा स्वतःच्या घराण्याच्या अब्रूसारखी जपावी, हा त्यांचा आग्रह. सरकारचे वाभाडे काढणारा हा माणूस सभागृहाला कधी तुच्छ लेखीत नसे. आज हा फरकच पुष्कळांना कळेनासा झाला आहे.

त्यांची खरी परीक्षा पाहावयाची तर ती १९६७ सालच्या त्यांच्या घटनादुरुस्ती विधेयकात. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. मालमत्तेचा हक्क त्या काळी मूलभूत हक्कच होता. तेव्हा जमीनसुधारणेचे आणि समाजवादी योजनांचे काय होणार, ही चिंता साहजिक होती. नाथ पै यांनी विरोधी बाकांवरून खाजगी विधेयक आणले : संसदेला घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता आला पाहिजे. त्यामागील त्यांची भूमिका स्पष्ट होती. संसद ही लोकांनी निवडलेली आहे. तिचे श्रेष्ठत्व म्हणजेच लोकांचे श्रेष्ठत्व. एका पिढीने पुढच्या पिढीचे हात कायमचे बांधून ठेवावेत हे लोकशाहीला धरून नाही. विधेयकावर बराच खल झाला, ते संयुक्त समितीकडेही गेले, पण मंजूर होण्यापूर्वीच डिसेंबर १९७० मध्ये चौथी लोकसभा विसर्जित झाली. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ पै वारले. त्यांची मागणी त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीच्या रूपाने सरकारनेच पुरी केली.

येथे आपल्याला कठोर व्हावे लागेल. आदरणीय माणसाची चूक दाखविताना मराठी लेखणी अडखळते. पण ज्याच्या विचाराशी भांडता येते त्याचाच विचार जिवंत राहतो. नाथ पै यांच्या युक्तिवादात संसद आणि लोक ही दोन नावे एकाच वस्तूची आहेत, असे गृहीत धरलेले होते. त्यांच्या मृत्यूनंतर साडेचार वर्षांच्या आतच हे गृहीत कसोटीला लागले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. राजापूरहून नाथ पै यांच्यानंतर निवडून गेलेले प्रा. मधू दंडवते बेंगळुरूच्या तुरुंगात गेले. आणि खासदार तुरुंगात असतानाच ऑगस्ट १९७५ मध्ये संसदेने एकोणचाळिसावी दुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. राजापूरची जनता त्या दिवशी संसदेत होती काय? बेचाळिसाव्या दुरुस्तीने तर १९७६ मध्ये असेही लिहून टाकले की, घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादाच नाही. संसद श्रेष्ठ ठरली. लोक मात्र गप्प होते.

या प्रसंगी देशाला आधार मिळाला तो नाथ पै यांच्या युक्तिवादाचा नव्हे, तर २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निर्णयाचा. तेरा न्यायमूर्तींपैकी सातांच्या बहुमताने त्यात सांगितले गेले की, संसदेला घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता येईल, परंतु तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही. म्हणजे अर्धा न्याय नाथ पै यांना मिळाला, आणि उरलेल्या अर्ध्यात त्यांच्या विश्वासाला कुंपण पडले. घराची डागडुजी करा, खोल्या वाढवा, दारे बदला; पण आडे आणि खांब काढू नका, कारण खाली माणसे निजलेली आहेत, असा त्याचा अर्थ. बेचाळिसाव्या दुरुस्तीतील तो अमर्याद अधिकार १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द झाला.

मग नाथ पै यांचे विधेयक म्हणजे केवळ एक थोर चूक होती काय? मला तसे वाटत नाही. त्यांच्या विचाराला एक अट होती, जी त्यांनी कायद्यात लिहिली नाही, कारण ती ते स्वतः जगत होते : प्रतिनिधीने आपल्या बुद्धीने आणि आपल्या जबाबदारीवर बोलले पाहिजे. असे पाचशे सदस्य असतील तर संसदेवर एवढा विश्वास टाकता येतो. दुर्दैवाने ज्या १९६७ साली त्यांनी विधेयक मांडले त्याच साली हरियाणात ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग जन्मला. १९८५ मध्ये बावन्नाव्या दुरुस्तीने पक्षांतराला बंदी आली. २००३ मध्ये एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ‘एक-तृतीयांश फूट’ ही पळवाट बुजविली गेली. औषध देण्यात आले, पण त्याचा परिणाम विचित्र झाला. पक्षादेशाविरुद्ध एकट्याने मत देणाऱ्या प्रामाणिक सदस्याची जागा धोक्यात येते, आणि मोठ्या घोळक्याने निघून जाणाऱ्यांना वाटा सापडत राहतात, हे महाराष्ट्राने अलीकडच्या वर्षांत आपल्या डोळ्यांनी पाहिले. एकट्याची सदसद्विवेकबुद्धी महाग आणि घोळक्याची सोय स्वस्त, अशा संसदेवर नाथ पै यांनी तोच विश्वास टाकला असता काय, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनी स्वतःला विचारावा.

नाथ पै यांच्या नावावरील पुस्तकाचे नाव ‘लोकशाहीची आराधना’ असे आहे. शब्द सुंदर आहे, आणि त्या माणसाला शोभतो. तथापि आपल्याकडे आराधना या शब्दाच्या पाठोपाठ आराध्यदैवत येते, त्याच्यामागून पालखी येते, आणि पालखी आली की भोई व्हावयास माणसे उत्सुकच असतात. बाबासाहेबांनी १९४९ सालीच इशारा दिला होता की, धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. भक्तीला आपल्या जीवनात जागा नाही असे कोण म्हणेल? कणकवलीत भालचंद्र महाराजांच्या मठात ती आहेच, आणि तेथे ती शोभते. मतदानाच्या खोलीत मात्र भाविकाने क्षणभर चपलांबरोबर भक्तीही बाहेर ठेवून हिशेबनीस म्हणून आत जावे. नाथ पै यांना व्यक्तीची नव्हे, संस्थेची आराधना अभिप्रेत होती, हे खरे. पण संस्थेच्या मूर्तीवरही शेंदूर चढू शकतो, आणि शेंदूर चढला की तडे दिसत नाहीत.

तिसरे आप्पासाहेब पटवर्धन. ४ नोव्हेंबर १८९४ चा जन्म; नाव सीताराम पुरुषोत्तम. गांधींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद यांचाच. ‘माझी जीवनयात्रा’ हे त्यांचे आत्मचरित्र. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागणी केली ती सवलतीची नव्हे : मला भंगीकाम करू द्या. तुरुंगातही कामे जातीवरून वाटली जात, आणि उच्चवर्णीय कैद्याला हे काम मागूनही मिळेना. आप्पांनी अन्नाचा त्याग केला. येरवड्याला गांधींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरमध्ये उपवास मांडला, तेव्हा कोठे सरकार हलले. पुढे १९४८ साली कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला. तेथे मेलेली ढोरे फाडणे, कातडी कमावणे, मैल्याचे सोनखत करणे, कमी खर्चाचा आणि दुर्गंधीरहित संडास बांधणे, ही कामे चालली. १० मार्च १९७१ रोजी, म्हणजे नाथ पै यांच्या मागोमाग दोन महिन्यांच्या आतच, ते गेले. एकाच हिवाळ्यात कोकणाने आपला आवाज आणि आपले हात, दोन्ही गमावले.

या माणसाला राजकीय निबंधाच्या चर्चेत का ओढावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, लोकशाहीतील समतेवर ज्यांनी ज्यांनी लिहिले त्यांच्यात आप्पांचे लेखन वेगळे पडते ते त्यांच्या क्रियापदांमुळे. आपल्या निबंधांची क्रियापदे ‘व्हावे’, ‘केले जावे’, ‘दिले पाहिजे’ अशी कर्त्यावाचून हिंडत असतात. आप्पांच्या क्रियापदाला कर्ता असतो, आणि तो पहिल्या पुरुषी असतो. बाबासाहेबांनी सातव्या अटीत ज्या माणसाचे वर्णन केले, ज्याच्यावर अन्याय झालेला नाही पण जो तरीही उठतो, त्याचे कोकणातील उदाहरण शोधावयाचे तर हाच माणूस समोर येतो.

पण येथेही टीकाकाराने गप्प बसून चालणार नाही. ब्राह्मणाने हौसेने झाडू हाती घेतला म्हणून ज्यांच्या हाती तो जन्माने दिला गेला त्यांचा झाडू सुटत नाही. त्याला हवी असते सुटका, सन्मानाची सोबत नव्हे. आणि ती सुटका मिळावयास कायदा लागतो. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध देशाचा कायदा १९९३ साली झाला, दुसरा अधिक व्यापक कायदा २०१३ साली आला, आणि त्यानंतरही गटारांत माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. म्हणजे एकट्याचा त्याग कायद्यावाचून अपुरा, आणि कायदा माणसांवाचून आंधळा. आप्पांच्या बाजूने एवढे मात्र सांगितले पाहिजे की, ते झाडूपाशी थांबले नाहीत. मैला वाहण्याची गरजच पडू नये असा संडास कसा बांधावा, यात त्यांनी आपले डोके घातले. त्यागाच्या कौतुकात त्यांची ही कारागिरी झाकली जाते, आणि ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण स्वच्छतेची जी जिल्हावार पाहणी जाहीर केली, तीत सपाटीच्या प्रदेशातील जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला. हे श्रेय एका आश्रमाला देणे भाबडेपणाचे होईल. त्यात ग्रामपंचायती आहेत, शाळा आहेत, सरकारी योजना आहेत आणि घराघरांतल्या बायका आहेत. परंतु ज्या मातीत एका माणसाने सत्तर वर्षांपूर्वी संडासाला राष्ट्रीय प्रश्न मानले, त्या मातीत हे पीक यावे, ही गोष्ट अगदीच योगायोगाची म्हणवत नाही. कोकण रेल्वेचेही तसेच. नाथ पै यांनी ती संसदेत मागितली, दंडवत्यांनी ती मागणी चालविली, १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. मागणारा पहिला प्रतिनिधी तोवर सत्तावीस वर्षांपूर्वी गेलेला होता. आज गणपतीला येणारा चाकरमानी कणकवली स्थानकावर उतरताना शिव्या देतो त्या गर्दीला. लोकशाहीचे काम किती सावकाश आणि किती जणांच्या हातून होते, हे त्या फलाटाने त्याला सांगावयास हवे.

आता या तिघांना एकत्र ठेवून पाहू. आंबेडकरांनी समाजाकडे पाहिले, नाथ पै यांनी सभागृहाकडे, आप्पांनी स्वतःच्या हातांकडे. नुसते सभागृह श्रेष्ठ मानले की आणीबाणीच्या रात्री आपण उघडे पडतो. नुसते हात राबले की कायदा दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात जातो. आणि नुसत्या अटी मोजीत बसलो तर त्या पुऱ्या होण्याची वाट पाहता पाहता आयुष्य सरते. कमी पडते ती या तिघांना जोडणारी जागा, आणि ती जागा आपल्या अगदी दारात आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला १९९३ पासून घटनेत स्थान दिले. पुष्कळ ग्रामसभा पहिल्या तारखेला गणपूर्तीअभावी तहकूब होतात. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे दुसऱ्या खेपेला मूठभर माणसे गावाच्या वतीने हात वर करतात. पुढे वर्षभर पाणंद, नळ आणि दिवाबत्ती यांविषयी पारावर जी टीका चालते ती मात्र पूर्ण गणपूर्तीनिशी चालते!

म्हणून लोकशाहीच्या अपयशावर लिहिणाऱ्या लेखकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, लेख पुरा झाल्यावर त्यातील ‘ते’ किती आणि ‘आपण’ किती, हे एकदा मोजून पाहावे. पुढाऱ्यांचे दोष सांगू नयेत असे नव्हे. ते सांगितलेच पाहिजेत, आणि नाव घेऊन सांगितले पाहिजेत. पण ज्या लेखात वाचकाला करण्यासारखे एकही काम उरत नाही, तो लेख कितीही जहाल असला तरी वाचकाला निजविणाराच होय. आणि वाचकांनाही एक विनंती आहे. हा अंक हातात असेपर्यंत मुंबई-पुण्याची मंडळी घरी आलेली असतील, चार पिढ्या एका पडवीत बसल्या असतील, आणि राजकारणाचा विषय निघाल्याशिवाय राहणार नाही. तो निघाला की आपल्या गावची पुढची ग्रामसभा केव्हा आहे, हे कोणाला ठाऊक आहे काय, असे एकदा विचारून पाहावे. उत्तर येईपर्यंत जी शांतता पसरेल तिचा विचार आपल्या राजकीय निबंधांनी अजून करावयाचा आहे.